ठासणीची बंदूक आणि डॉक्टरची सही

गुंजी हे माझे माहेर. खानापूर मागे टाकून गाडी लोंढ्याच्या दिशेने निघाली की वाटेत हे लहानसे स्थानक लागते. गाव माऊली देवीचे. भोवती भातशेती आणि शेती संपते तेथून जंगल सुरू. आमच्या घराच्या माजघरात, भिंतीतल्या दोन लाकडी खुंट्यांवर एक ठासणीची बंदूक आडवी टांगलेली असे. ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. परवाना पीकरक्षणाचा. भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप उतरत, मग आबा आणि शेजारचे दोघे-तिघे माळ्यावर राखणीला जात. रात्रभर डबे वाजत, शेकोटी धुमसत राही आणि एखाद्या वेळी अंधारात एक बार उडे. अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही भावंडे तो ऐकत असू. आबांचा बार बहुधा आकाशातच जाई. डुकरे पळाली म्हणजे काम झाले, असे ते म्हणत.

बंदुकीचा धाक आम्हांला आबांपेक्षा आईचा अधिक होता. बंदूक भिंतीवर, दारूचे शिंग कोठीच्या फळीवर आणि केपांची डबी, म्हणजे बार पेटवणाऱ्या तांब्याच्या त्या इवल्या टोप्यांची डबी, तिच्या स्वतःच्या ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली कमरेला. राखणीहून परतताना बंदूक ठासलेली असली तर घरात आणायची नाही, बांधावरच रिकामी करायची, हाही तिचाच नियम. ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करणे कटकटीचे असते, म्हणून अनेक घरांत ती भरलेलीच टांगून ठेवीत. आमच्याकडे तसे कधी घडले नाही. आई शाळेत गेलेली नव्हती. 'तीन वस्तू तीन ठिकाणी' हे तिचे सूत्र किती शास्त्रशुद्ध होते, ते मला बालरोगशास्त्रात एम. डी. होऊन बरीच वर्षे लोटल्यावर कळले.

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी आजारांवर, औषधांवर, प्रवासांवर लेख येतात. बंदुकीवर एका बालरोगतज्ज्ञाने लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु काही वर्षांपूर्वी एका सहीच्या निमित्ताने हा विषय माझ्या टेबलावर येऊन बसला, आणि तो आपणा सर्वांच्याच टेबलावर केव्हाही येऊ शकतो, म्हणून हे लिहीत आहे.

एक सही तर हवी

आबा २०१८ साली गेले. परवानाधारक मृत्यू पावला की बंदूक घरात ठेवता येत नाही, ती जमा करावी लागते आणि वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागावा लागतो. २०१९ च्या दिवाळीआधी माझा थोरला भाऊ अर्जाचे कागद घेऊन बेळगावला माझ्या दवाखान्यात आला. कागदांत वैद्यकीय दाखल्याचा एक नमुना होता. अर्जदार शरीराने व मनाने सुदृढ आहे आणि मादक पदार्थांच्या आहारी गेलेला नाही, असे डॉक्टरने लिहून द्यायचे होते.

"एक सही तर हवी गे," दादा म्हणाला. "घरात डॉक्टर असताना परक्याच्या दारात कशाला जाऊ?"

मी पेन हातात घेतले. खरे सांगायचे तर असे दाखले मी यापूर्वीही दिले होते. माझ्या एका बालरुग्णाचे वडील असाच कागद घेऊन आले होते. मुलाचा ताप उतरलेला, बाप आनंदात, बाहेर तीस जण खोळंबलेले. मी रक्तदाब मोजला, सही केली. दोन मिनिटे लागली असतील. त्यांना झोप लागते का, संध्याकाळी ते काय करतात, घरात कोण कोण आहे, यांतले काहीही विचारले नव्हते. पुढे काही वाईट घडले नाही. ते त्यांचे नशीब होते, माझी दक्षता नव्हे.

दादाच्या बाबतीत मात्र मला न विचारताच पुष्कळ ठाऊक होते. सलग दोन हंगाम पीक हातचे गेले होते. वहिनींनी फोनवर रडत सांगितले होते की हे रात्र रात्र जागे असतात, जेवत नाहीत, संध्याकाळी बाटली घेऊन बसतात, "आता कशासाठी जगायचे" असे दोनदा बोलले. आणि त्या घरात पाच वर्षांचा नातू होता. मराठीत 'दारू' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक शिंगात ठेवायची आणि दुसरी बाटलीत. कायद्याने दाखला मागितला आहे तो या दोन दारू एका घरात एकत्र येऊ नयेत म्हणूनच, हे त्या क्षणी मला जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते.

मी पेन खाली ठेवले आणि म्हटले, "दादा, ही सही मी करणार नाही. मी तुझी बहीण आहे, तुझी डॉक्टर नाही. आणि डॉक्टर असते, तरी आज केली नसती."

तो काही बोलला नाही. कागद गोळा केले आणि निघून गेला. त्या भाऊबिजेला मी गुंजीला गेले नाही आणि त्यानेही बोलावले नाही.

बंदुकीच्या कायद्याची कहाणी

त्या अस्वस्थतेत मी कायदा वाचायला घेतला. डॉक्टरने कायदा वाचणे म्हणजे वकिलाने नाडी पाहण्यासारखे आहे, तरीही जे समजले ते सांगते.

आपल्या भागात बंदुकीच्या कायद्याची सुरुवात रक्ताने झाली. १८५७ च्या उठावात इंग्रजांनी हत्यारबंदी लादली. मुधोळच्या घोरपडे संस्थानातील हलगली गावच्या बेरडांनी हत्यारे देण्यास नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये कंपनी सरकारच्या फौजेने गावावर हल्ला केला, पुष्कळ माणसे मारली गेली आणि डिसेंबरात एकोणीस जणांना फाशी देण्यात आले. या लढ्यावरच्या कानडी लावण्या आजही गायिल्या जातात. पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्याला सूट, हा त्यातला भेद लोकांना फार झोंबला. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क घातला होता.

स्वतंत्र भारताची घटना तयार होत असताना, डिसेंबर १९४८ मध्ये, ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत असावा, अशी दुरुस्ती घटना समितीत सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारी प्रवृत्तीच्या माणसालाही द्यावा लागेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेत जो घटनेने दिलेला हक्क आहे, तो आपल्याकडे अटींवर दिलेला परवाना आहे. हा फरक त्या चर्चेत ठरला आणि माझ्या मते शहाणपणाने ठरला.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत हत्यारे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय केंद्राच्या यादीत आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्याचे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हेही राज्याचेच. म्हणजे बंदूक दिल्लीची, बंदोबस्त बेंगळुरूचा किंवा मुंबईचा आणि जखम आपली! सीमाभागात राहणाऱ्या आपणांस भाषेमुळे, रस्त्यामुळे, शाळेमुळे दोन राज्यांच्या दोन तऱ्हा नित्य अनुभवाव्या लागतात. बंदुकीचा कायदा मात्र गुंजीत, निपाणीत आणि चंदगडात अक्षरशः एकच आहे. राज्याला त्यात बदल करता येत नसला तरी अंमलबजावणी सर्वस्वी राज्याच्या यंत्रणेच्या हाती आहे.

हा कायदा १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. शेतकऱ्याला पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळण्याची तरतूद मूळ कायद्यातच आहे. ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची काडतुसाची बंदूकही देता येते. मात्र परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानडुकराला मारण्यास वेगळी परवानगी लागते. १९८३ च्या दुरुस्तीने परवान्यासाठी वयाची अट २१ वर्षांवर नेली. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराकडून बंदूक सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि आपण ज्यावर सही करतो तो वैद्यकीय दाखला मागितला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि लग्नात, मिरवणुकीत, देवळापुढे हौसेने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही शिक्षा ठरवली. आपल्याच राज्यातील कोडगूमध्ये मात्र कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे, ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे.

मुदत पाच वर्षांची झाल्याने कागदांचा त्रास कमी झाला, हे खरे. परंतु पाच वर्षांत माणसाचे किती काही बदलते! मुलगा जातो, कर्ज चढते, व्यसन लागते, विसराळूपणा येतो. पाच वर्षांपूर्वीच्या सहीला त्याचा पत्ता नसतो.

मुलाचे बोट आणि बंदुकीचा चाप

आता माझ्या विषयाकडे येते. "आमचा पोरगा शहाणा आहे, त्याला सांगून ठेवले आहे, तो हात लावणार नाही," असे प्रत्येक बाप म्हणतो. अमेरिकेत २००१ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांना दोघा-तिघांच्या २९ गटांत एका खोलीत खेळायला सोडले. खोलीतील एका खणात खरी, पण रिकामी पिस्तूल लपवून ठेवली होती. २१ गटांना ती सापडली. त्यांपैकी १६ गटांतील मुलांनी ती हाताळली आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. हात लावणाऱ्या बहुतेक मुलांना बंदुकीपासून दूर राहण्याचे धडे आधीच दिलेले होते. सापडलेली वस्तू खरी की खेळण्यातली, याचीच जवळजवळ निम्म्या मुलांना शंका होती.

१९९५ च्या आणखी एका अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकद मोजली होती. दोन बोटे वापरल्यास तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के आणि सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ९० टक्के मुले पिस्तुलाचा चाप ओढू शकत होती. म्हणजे ज्या वयात आपण डीपीटीचा दुसरा बूस्टर देतो, त्या वयाच्या मुलाच्या बोटात ती ताकद आलेली असते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की मूल असलेल्या घरात बंदूक नसणे सर्वांत चांगले. असलीच तर ती रिकामी, कुलूपबंद आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. बंदूक भिंतीवर, दारू फळीवर, केप ट्रंकेत! माझ्या आईचे कुलूप तेवढे एक कमी होते.

त्या देशाची स्थिती आपण बातम्यांत पाहतो. २०२० साली तेथे एक ते एकोणीस वर्षे वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदूक पहिल्या क्रमांकावर गेली, मोटार अपघातही मागे पडले. टेक्सासमध्ये स्थायिक झालेली माझी एक वर्गमैत्रीण सांगते की मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवण्याआधी ती त्याच्या आईला विचारत असे, "तुमच्या घरी बंदूक आहे का? कुलपात आहे का?" प्रथम तिला फार संकोच वाटला. मग वाटेनासा झाला.

असा प्रश्न डॉक्टरने विचारावा की नाही, यावर तेथे चक्क कायदा झाला. २०११ मध्ये फ्लोरिडा राज्याने डॉक्टरांना रुग्णाकडे बंदुकीची चौकशी करण्यास बंदी केली. उल्लंघन केल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि नोंदणीवर कारवाई. गंमत अशी की याच फ्लोरिडाने १९८९ मध्ये मुलाच्या हाती पडेल अशी भरलेली बंदूक ठेवणाऱ्या प्रौढाला दोषी धरणारा कायदा देशात प्रथम केला होता. डॉक्टर न्यायालयात गेले, त्यांत बालरोगतज्ज्ञांची संघटनाही होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्या बंदीचा मुख्य भाग रद्द केला. डॉक्टरचा प्रश्न हा त्याच्या भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले. विचारण्याचा हक्क मिळवायला त्यांना सहा वर्षे भांडावे लागले. आपल्याला विचारण्याची मनाई कोणीच केलेली नाही. उलट कायदाच आपल्याला विचारा म्हणतो आणि आपण न विचारता सही करतो!

आपल्या दवाखान्यात दिसणारे

आपल्याकडे अमेरिकेसारखी घरोघर पिस्तुले नाहीत, हे आपले भाग्य. म्हणून धोका नाही, असे मात्र नव्हे. त्याची रूपे निराळी आहेत.

पहिले रूप छऱ्याच्या बंदुकीचे. कमी शक्तीच्या एअरगनला परवाना लागत नाही आणि पुष्कळ घरांत ती खेळणेच समजली जाते. शिशाचा छर्रा भरतो फार तर काही गुंजांचा. पण तो बुबुळात शिरला की डोळा जातो, आणि लहान मुलाच्या कवटीचे पातळ हाड भेदून मेंदूतही जाऊ शकतो. बाहेरची जखम टाचणीएवढी दिसते म्हणून फसू नये. डोळ्यावर दाब देऊ नये, चोळू नये, धुऊ नये, मलम घालू नये. कागदी पेल्याचा बूड किंवा असेच काही कडक आवरण डोळ्यावर लावून मुलाला तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. शरीरात धातू आहे हे एक्स-रे वा सी. टी. ने पाहिल्याखेरीज एम. आर. आय. करू नये. आणि अशा प्रत्येक जखमेची मेडिको-लीगल नोंद करावी, नातेवाइकांनी कितीही हात जोडले तरी.

दुसरे रूप अधिक भयंकर. रानडुकरांसाठी शेताच्या बांधावर, उसाच्या कडेला गावठी बॉम्ब ठेवतात. दारू, खडे आणि काचा सुतळीत घट्ट गुंडाळून वरून चरबी लावलेला हा गोळा चावला की फुटतो. मे २०२० मध्ये केरळात स्फोटके भरलेले फळ खाऊन एक गाभण हत्तीण मेली, तेव्हा सारा देश हळहळला. आमच्या भागात गाईम्हशींचे जबडे असे फुटतात, त्याची बातमी होत नाही. काही वर्षांपूर्वी जंगलालगतच्या एका वाडीवरून नऊ वर्षांचा मुलगा आला होता. उसात सापडलेला गोळा त्याला चेंडू वाटला आणि तो त्याने दगडावर आपटला. उजव्या हाताची तीन बोटे गेली. शल्यचिकित्सकांनी उरलेला हात वाचवला. शुद्धीवर आल्यावर त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाई, मी आता कोणत्या हाताने लिहू?" असे गोळे बाळगणे १९०८ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याने गंभीर गुन्हा आहे. परंतु ज्याला बंदुकीचा परवाना मिळत नाही किंवा कागदांच्या फेऱ्या परवडत नाहीत, तो शेतकरी या गोळ्याकडे वळतो, हेही लक्षात घ्यायला हवे. परवान्याची वाट नुसतीच अवघड केली तर आडवाट रुळते.

तिसरे रूप मनातले. आपल्या तालुक्यात निराश माणसाच्या हाताशी बंदुकीपेक्षा कीटकनाशक अधिक सहज असते, हे आपण सारे जाणतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. याचा बोध असा की मरणाची इच्छा पुष्कळदा काही घटकांची असते, त्या घटकांत साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतील बहुतेक जण पुढे जगतात. विष घेतलेला रुग्ण आपण अॅट्रोपिन देऊन कित्येकदा परत आणतो. बंदुकीच्या बाबतीत ती संधी जवळजवळ मिळतच नाही, दहातील नऊ जण जातात.

सहीची किंमत

म्हणून त्या दाखल्याविषयी माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींना काही सुचवावेसे वाटते.

आपल्या व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंदवही ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे आणि खोटा वा दिशाभूल करणारा दाखला देणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. 'शेजारधर्म' हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. नातेवाइकाला हा दाखला स्वतः देऊ नये. देतो त्याने अर्जदाराला एकांतात बसवून झोप, भूक, दारू, राग, कर्ज, मरणाचे विचार यांची विचारपूस करावी. दृष्टी आणि हातांचा कंप पाहावा. वृद्ध असेल तर स्मृती तपासावी. शक्य झाल्यास पत्नीशी वेगळे बोलावे. शंका आली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. शेवटी विचारावे, "घरात लहान मुले किती? बंदूक कोठे ठेवणार? काडतुसे कोठे? किल्ली कोणाकडे?"

आणखी एक. मनाचा आजार हा कलंक नाही आणि नकार हा कायमचा शिक्का नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. अन्यथा बंदूक जाईल या भीतीने माणूस उपचारालाच येणार नाही. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात. २०२३ ची विधानसभा आणि २०२४ ची लोकसभा या दोन्ही वेळी आपल्या भागातील अनेकांनी त्या जमा केल्या आणि परत आणल्या. जी बंदूक मतदानासाठी काही आठवडे घराबाहेर राहू शकते, ती घरातला माणूस खचलेला असताना काही महिने परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला काय हरकत आहे? हे सुचवणे डॉक्टरचे काम आहे.

शासनाकडूनही अपेक्षा आहेत. आरोग्य राज्याचा विषय असल्याने या दाखल्यांसाठी तालुका रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ठरवून देणे राज्याला सहज जमण्यासारखे आहे. आणि डुकरांनी, गव्यांनी, हत्तींनी उद्ध्वस्त केलेल्या पिकाची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, सौरकुंपण आवाक्यात आले, तर बंदूक मागण्याचे मूळ कारणच निम्मे होईल. माझ्या नकाराने रानडुकरे थांबली नाहीत, हे मी विसरलेले नाही. त्या वर्षीही दादाचे भात गेले.

खुंटीवरचे दप्तर

दादा माझ्याकडून निघाला तो दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याला अर्धा तास बसवून घेतले, सारे विचारले आणि दाखल्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. हे मला वहिनींकडून कळले. माझ्या नकाराने त्याला राग आला होता, परक्याच्या प्रश्नांनी रडू आले. आठ महिने औषधे चालली. बाटली सुटली, एकदम नव्हे, दोनदा पडून तिसऱ्यांदा सुटली. त्यानंतर त्याच डॉक्टरांनी दाखला दिला आणि २०२० च्या अखेरीस परवाना झाला. तोवर आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले होते. कसे झाले, हे दोघांनाही आठवत नाही. एके दिवशी त्याचा फोन आला, "रताळी काढलीत गे, पाठवून देतो."

अलीकडेच त्या परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. दादा आपण होऊन त्याच डॉक्टरांकडे तपासून घ्यायला गेला. यात्रेला मी गुंजीला गेले तेव्हा त्याने मला माजघरात नेले. आबांची बंदूक भिंतीवर नव्हती. लोखंडी पेटी करून ती जमिनीत पक्की बसवली आहे, तिची किल्ली वहिनींच्या कमरेला. दारू कोठीत कुलपात. केपांची डबी आईच्या त्याच जुन्या ट्रंकेत. भिंतीवरच्या दोन खुंट्या मात्र तशाच आहेत. नातू आता सहावीत गेला आहे, एका खुंटीला त्याचे दप्तर टांगलेले होते.

दादाने ट्रंकेकडे बोट दाखवले आणि एवढेच म्हणाला, "आईचं बरोबर होतं."

मित्रहो, आपल्यापुढे असा कागद येईल तेव्हा सही करण्यापूर्वी त्या घरातले दप्तर कोठे टांगलेले असते, एवढे जरूर विचारावे, ही विनंती.